खंडेनवमीचा पहिला स्क्रू

दादा मस्कतहून कायमचा परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत आईसाठी जाडजूड ब्लँकेट होतं, वहिनीसाठी अत्तराची बाटली होती, मला घड्याळ होतं, आणि सगळ्यांच्या तळाशी दोन जुन्या लुंग्यांत गुंडाळलेली एक मशीन होती. आईनं लुंग्या सोडल्या आणि मशीन उलटीपालटी करून बघितली. पिस्तुलासारखी मूठ, पुढं निमुळतं तोंड, मागं लांबलचक काळी वायर. "हिनं काय करायचं रं? कुटायचं का दळायचं?" दादा म्हणाला, "छत लावायचं, आई. पुठ्ठ्याचं." आई त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. पोरगं तीन वर्षं परमुलखात राहिलं आणि पुठ्ठ्याचं छत लावायला शिकून आलं, हे तिच्या पचनी पडेना. त्यात त्या मशिनीच्या पिना चौकोनी. आमच्या भिंतीतल्या भोकांत त्या जाईनात. शेवटी भोरच्या वायरमननं ते मस्कतचं तोंड कापून आपल्याकडचं गोल पिनांचं बसवून दिलं, तेव्हा कुठं उत्रोलीतल्या आमच्या ओसरीवर ती पहिल्यांदा घरघरली. गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली आणि आई म्हणाली, "बंद कर ती अवदसा."

ती अवदसा पुढं आमच्या घराची लक्ष्मी झाली. पण मला आज सांगायचं आहे ते वेगळंच.

दादा तिकडं मोठमोठ्या इमारतींत जिप्समचे बोर्ड लावायचा. डोक्यावर हात धरून दिवसदिवस काम. त्यात त्याचा उजवा खांदा कामातून गेला. हात छातीपर्यंत नीट यायचा, त्याच्या वर गेला की थरथरायचा. तरी त्याला काम येत होतं ते हेच, आणि त्याच सुमाराला पानशेतच्या पाण्याकाठी पुण्याच्या लोकांचे बंगले उठायला लागले होते. त्यांना वर साधा स्लॅब नको असायचा, त्याच्याखाली गुळगुळीत पांढरं छत हवं असायचं. हे छत लावणारा भोर-वेल्ह्यात दुसरा कुणी नव्हता. दादानं आधी दोन गडी बरोबर घेतले. त्यांचे हात पहारीचे. मशीन अशी दाबायचे की स्क्रू बोर्डाच्या आरपार. दादा घरी येऊन डोक्याला हात लावून बसायचा. एकदा त्यानं गोठ्याच्या आढ्याला बोर्डाचा तुकडा बांधला, आणि गड्यांना शिकवायचं कसं ते आधी आम्हालाच समजावून सांगायला लागला. मी मशीन हातात घेतली, वर धरली, आणि लावला स्क्रू. दादा जवळ येऊन बोटानं चाचपून बघत राहिला. म्हणाला, "परत लाव." मी परत लावला. "अनशे, तुला हे कुनी शिकवलं?" कुणी शिकवणार? सारवताना शेणाचा थर हाताला कळतो, भाकरी थापताना कड कुठं पातळ झाली ते बोटाला कळतं, तसंच ते होतं. दुसऱ्या दिवसापासून दादा मलाच कामावर न्यायला लागला.

आता ही मशीन नुसती स्क्रू फिरवणारी नाही, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जिप्समचा बोर्ड म्हणजे आत दाबलेला खडू आणि दोन्ही अंगांना जाड कागद. त्याचा सगळा जीव त्या कागदात. स्क्रू बोर्डातून वरच्या पत्र्याच्या पट्टीत शिरतो, पण त्याचं डोकं कागदाला दाबून एवढंसंच आत जायला पाहिजे, लहान लेकराच्या गालाला खळी पडते तेवढंच. कागद फाटला की स्क्रू नुसत्या खडूत, आणि खडू काय कुणाला धरून ठेवणार? म्हणून मशिनीच्या तोंडाला एक नळी असते. ती पिळून मागं-पुढं करायची आणि खोली ठरवायची. तेवढी खोली गाठली की आतला जोड आपोआप सुटतो, टोक फिरायचं थांबतं, आणि मशीन नुसती घरघरत राहते. सगळं नीट असलं की आवाज यायचा, टर्र, टक्. तो टक् आला की माझ्या जिवाला थंड वाटायचं. नळी चुकली तर टक् यायच्या आधीच फस्स असा आवाज यायचा आणि डोळ्यांत पांढरा भुगा पडायचा. डोळे मिटूनसुद्धा मी सांगू शकत होते, कुठला स्क्रू बसला आणि कुठला फाटला.

मशिनीची निगासुद्धा माझ्याकडंच होती. खडूचा भुगा पिठापेक्षा बारीक, मशिनीच्या जाळीतून आत जाऊन बसायचा. रोज काम संपलं की मी सायकलचा पंप घेऊन जाळीतून हवा मारायची. पांढरा धूर निघायचा नि वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमची मशीन बिडी वडती जनू." मोटरला वीज पोचवणारे आतले कार्बनचे तुकडे झिजले की मुठीतून निळ्या ठिणग्या दिसायच्या आणि जळका वास यायचा. ते बदलायला मागचं झाकण उघडून बारीक स्प्रिंग सांभाळून काढायची, तीही मीच. वायर कधी ओढायची नाही, तिला धरून मशीन उचलायची नाही, दाव्यासारखी सैल वेटाळून खुंटीला टांगायची. टोकाची फुली झिजून गोल झाली की स्क्रूच्या डोक्यात घसरते, म्हणून टोक वेळेत बदलायचं. आणि दादाचा एक नियम सगळ्यांच्या वर. नळी उघडली, मग ती कशासाठीही असो, की आधी टाकाऊ तुकड्यावर तीन स्क्रू मारून बघायचे. तीन टक् आले तरच छताला हात लावायचा. हे तो इतक्या वेळा बोलायचा की आई चेष्टेनं म्हणायची, "दळान दळायच्या आधीबी तीन दानं टाकून बघू का रं?"

राहिली गोष्ट बोर्ड वर धरण्याची. एक बोर्ड भरल्या हंड्याएवढा जड, वर लांबरुंद. गडी लाकडाचा टेकू लावायचे, तो घसरायचा. वहिनी एकदा आमच्या जेवणाचा डबा घेऊन दादाच्या ओळखीच्या टेम्पोतून पानशेतला आली होती. तिनं ती कसरत बघितली आणि तिला हसू आवरेना. ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. लहानपणापासून डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढलेली. तिनं पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, दोन पिंपांवर टाकलेल्या फळीवर चढली, आणि बोर्ड चुंबळीवर घेऊन दोन्ही तळवे वर लावून उभी राहिली. हलली नाही की डुलली नाही. मी भराभर स्क्रू लावले. खाली दादा तोंड उघडं टाकून बघत होता. "अगं पर पडशील!" वहिनी खालमानेनंच म्हणाली, "ह्यांना सांगा वन्सं, हंडा कधी पडला का म्हनावं माझ्या डोक्यावरनं."

त्या दिवसापासून गडी गेले आणि आम्ही दोघी आलो. सात-आठ महिने, जास्त नाही, पण ते माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले महिने. एका बंगल्याचं काम असलं की तिथंच राहायचं. सकाळी वहिनी तीन दगडांवर तांदळाची भाकरी करायची, काळ्या घेवड्याची आमटी, लसणाची चटणी. दुपारी पाण्याकडं तोंड करून जेवायचं. घरात वहिनी कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. लग्नाला चार वर्षं झालेली, आईपुढं पदर, दादापुढं पदर. पण तिथं फळीवर उभी राहिली की ती दुसरीच कुणीतरी असायची. डोक्यावर बोर्ड, नि त्याच्याखालून बंगलेवाल्या साहेबांच्या गड्यांना हुकूम सोडायची, "ए बाबा, तो पाइप हालव तिकडं, आमची मशीन अडकलीया." हसली की बंगल्यात आवाज घुमायचा. गावात बायका बोलायच्याच. पाणवठ्यावर शेजारची काकू म्हणाली, "लोकांची छतं लावाय चालल्यात नणंद-भावजय, आन् घरची कौलं गळत्यात." वहिनीनं हंडा डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "काकू, तुमची गळायला लागली की सांगा, येतो आमी मशीन घिऊन."

त्या वर्षी नवरात्रात एका साहेबांच्या बंगल्याचं काम चालू होतं. दसऱ्याला त्यांची वास्तुशांत. दिवाणखान्याचं छत नवमीला पुरं व्हायलाच हवं होतं. आणि नवमी म्हणजे खंडेनवमी. आमच्या घरात त्या दिवशी नांगराच्या फाळापासून विळ्या-कोयत्यापर्यंत सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून, पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ही आईची सक्त ताकीद. दादानं विनवून बघितलं. "आई, एक दिवसाचा सवाल हाय. साहेबांना शब्द दिलाय." आई म्हणाली, "आन् देवाला?" मग बरीच वादावादी होऊन मध्यम मार्ग निघाला. अष्टमीच्या संध्याकाळी मशीन घरी आणायची, नवमीला पहाटे तिची पूजा आधी करायची, आणि मग न्यायची. आई शेवटपर्यंत घुश्श्यातच होती. वहिनीला कडक उपास चालले होते, नऊ दिवसांचे, नुसतं रताळं आणि दूध. दादा तिला म्हणाला, "तू ऱ्हा घरी, एखादा गडी घिऊ." ती म्हणाली, "माझ्याबिगर वन्संचं काम हुतं का? मी येनार."

अष्टमीच्या संध्याकाळी मी हत्यारं घासायला घेतली. फाळ, कोयते, विळा, खुरपी, आणि शेवटी मशीन. तिला पाणी लावायचं नाही एवढं मला ठाऊक होतं. कोरड्या फडक्यानं पुसली, पंपानं हवा मारली, नळी पिळून काढली, आतला पांढरा गाळ काडीनं खरवडला. मग इतर हत्यारांना लावलं तसंच बोटभर गोडेतेल तिच्या नळीच्या आट्यांना चोळलं. कोयत्याला तेल, विळ्याला तेल, आणि हिलाच कोरडं ठेवायचं? मला तो दुजाभाव वाटला. खरंच सांगते, मायेनं लावलं. नळी परत बसवली ती नेहमीच्या खुणेवर. तेलानं ती कशी सुळकन फिरली. आधी तिला जोर लावायला लागायचा. मला आपलं बरंच वाटलं.

पहाटे पूजा झाली. आईनं मशिनीच्या पाठीवर हळदकुंकवाची बोटं ओढली. आम्ही टेम्पोत बसलो, नसरापूर, वेल्हे करत पानशेतला पोचलो तोवर ऊन वर आलं होतं. भाताच्या खाचरांत पिकाचा वास सुटलेला होता. दादानं खाली उतरताना विचारलं, "अनशे, नळी उघडली हुतीस ना? तीन मारून बघ." मी व्हय म्हणाले. टाकाऊ तुकडे कोपऱ्यात पडलेले होते, त्यांच्यावर कुणीतरी पान खाऊन थुंकलं होतं. मी मशीन हातात घेतली. पाठीवर ओलं कुंकू, वायरीच्या वेटोळ्यात झेंडूचं फूल. आणि माझ्या मनात आलं, आत्ताच पुजलेली ही, हिचा आजचा पहिला स्क्रू ह्या थुंकलेल्या तुकड्यात का मारायचा? पहिला मान घराच्या छताला. मला वाटतं, आमच्याकडची कुठलीही बाई असाच विचार करील. पहिली भाकरी आपण उकिरड्यावर टाकत नाही.

वहिनीनं चुंबळ केली, फळीवर चढली, बोर्ड डोक्यावर घेतला. मी माझ्या कडेनं सुरुवात केली. पहिला स्क्रू, टर्र, टक्. दुसरा, टक्. म्हटलं बघा, देवाचं केलं की सगळं नीट. पण तेल लावलेली नळी घरघरीनं हळूहळू मागं सरकत होती. पाचव्या स्क्रूला टक् उशिरा आला. सहाव्याला फस्स. माझ्या डोळ्यांत भुगा गेला. सातव्याला फस्स. मला कळलं. हे मी आज कुणापासून लपवणार नाही, मला तिथंच, त्याच क्षणी कळलं. थांबायला हवं होतं. "वहिनी, बोर्ड खाली घे" एवढंच म्हणायचं होतं. पण खाली दादा उभा होता, आणि मी तीन मारून बघितले नव्हते. मनात म्हटलं, फाटलेल्याच्या शेजारी आणखी एकेक मारू, भागेल. मारले. तेही फाटले. वहिनीनं विचारलं, "झालं का तुमच्याकडचं?" मी म्हणाले, "झालं, आता तुझ्याकडं येते." आणि मी फळीवरून तिच्या अंगाला सरकले.

तेवढ्यात बोर्ड माझ्या कडेनं उतरला. मी मान वळवली तेव्हा बघितलं. स्क्रूंची काळी डोकी कागदातून एकामागून एक बाहेर येत होती, शर्टाची बटणं निघावीत तशी. सगळा भार वहिनीच्या डोक्यावर आणि हातांवर आला, तोही तिरपा. तिची मान खाली, तिला वरचं काय दिसणार? तिला फक्त एवढंच कळलं की आपल्या हातातलं ओझं एकाएकी दुप्पट झालं आणि निसटलं. बोर्ड मोडला, त्याचा कोपरा खाली फळी धरून उभ्या असलेल्या दादाच्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो टक्-सारखाच होता.

सगळे धावले. साहेबांचा माणूस ओरडला, "बाईला चक्कर आली, बाईच्या हातनं सुटला." दुसरा म्हणाला, "उपास हाय तिला नऊ दिवसांचा, चढवायचीच कशाला वर?" वहिनी पांढऱ्या भुग्यानं माखलेली, दादाच्या पायाशी बसून नुसतं एकच म्हणत होती, "माझे हात सुटले, माझे हात सुटले." मी फळीवर उभी होते. मशीन माझ्या हातात घरघरत होती.

दादाला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, वहिनी बरोबर गेली. मी सामानापाशी मागं राहिले. दुपारचं ऊन मोठ्या खिडकीतून आत आलं होतं, बाहेर पाणी चमकत होतं. मी खाली बसले, नळी काढली, फडक्यानं आटे न् आटे पुसून तेल काढलं, माती लावून परत पुसलं, नळी खुणेवर घट्ट बसवली. आणि मग, तुम्हाला हसू येईल किंवा राग येईल, मी तो थुंकलेला तुकडा ओढला आणि त्याच्यात तीन स्क्रू मारले. टक्. टक्. टक्. तीन खळ्या, सारख्या. इतका चांगला हात माझा त्या दिवशी चालला.

दोन दिवसांनी दादा प्लास्टर घालून ओसरीवर पडलेला. आई आत कुणाशीतरी बोलत होती, "पुजलेलं हत्यार उचललं, देवीनं दाखवून दिलं." दादानं मला जवळ बोलावलं. हळूच विचारलं, "अनशे, मशीन बघितलीस का? नळी सैल न्हवती ना झाली?" मी म्हणाले, "बघितली. बरोबर हाय." खोटं एक अक्षर नव्हतं. त्या वेळी ती बरोबरच होती. दादानं डोळे मिटले आणि म्हणाला, "मग जाऊ दे. हिला आता काय बोलायचं न्हाई कुनी." दाराआड वहिनी उभी होती. तिनं ऐकलं.

कुणी बोललंही नाही. दादा बायकोवर आवाज चढवणारा माणूसच नव्हता. एवढंच म्हणाला, "तू आता घरीच ऱ्हा." आईला उपासाचं कारण पटत होतं आणि देवीचंही, माझ्या तेलाचं कुणाला सुचायचं कारण नव्हतं. वहिनी घरी राहिली. मी मात्र वर्षभर कामाला जात राहिले. दादा खाली बसून सांगायचा, दोन नवे गडी टेकूनं बोर्ड धरायचे, आणि मशीन माझ्या हाती. निघताना वहिनी डबा बांधून द्यायची. पहिल्या काही दिवसांत टेम्पोचा आवाज आला की ती दारापर्यंत यायची. मग यायची बंद झाली. मी रोज ठरवायची, आज संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वाटायचं, आता सांगून काय व्हायचंय? दादाचं हाड जुळेल का? माझं काम तेवढं जाईल. हेच खरं कारण मला आत्ता लिहिताना दिसतंय, त्या वेळी ते दिसू नये याची मी नीट काळजी घेतली होती.

मग माझं लग्न झालं, मी किकवीला आले. मशीन दादानं मला देऊन टाकली. मला वाटलं होतं पोरंबाळं झाली, संसार वाढला की हे सगळं विरून जाईल. माझ्या थोरलीच्या बारशाला बायकांनी पाळण्याच्या अलीकडं-पलीकडं उभं राहून बाळ हातोहात द्यायला घेतलं. मी म्हटलं, "मामीनं घ्या की एका बाजूनं." वहिनी हसली, मागं सरली. "मला नगं. माझ्या हाताचं काय खरं न्हाई." सगळ्या बायका हसल्या, मीही. पण तेव्हापासून माझं लक्ष जायला लागलं. स्वतःच्या दोन पोरांना तिनं वाढवलं, शेणापाण्याचं, शेताचं सगळं केलं, हंडेही वाहिले. पण तान्हं लेकरू तिनं उभ्यानं कधी घेतलं नाही. आधी भिंतीला पाठ टेकायची, खाली बसायची, मग हात पुढं करायचे. लोकांना वाटायचं, किती जपते. मी बघायची आणि दुसरीकडं तोंड वळवायची.

दादा गेला त्याला दोन वर्षं झाली. त्याच्या प्लास्टरच्या दिवसांपासून त्याच्या तेराव्यापर्यंत मला सांगायला वेळ नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही.

यंदा वहिनीच्या धाकट्या लेकानं उत्रोलीचं घर नवं बांधलं. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले तर आत बैठकीत सिलिंगचं काम चालू. आता मशिनी बॅटरीच्या, हलक्या, वायर नाही, बोर्ड वर उचलायला लोखंडी घोडा, चाकी फिरवली की वर जातो. पण आवाज तोच. टर्र, टक्. मी दारात उभी राहून ऐकत राहिले. कारागीर म्हणाला, "आजी, भुगा पडंल डोळ्यात." वहिनी बाहेर पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. आत बघायला ती एकदाही आली नव्हती, असं सून म्हणाली. मी तिच्यासमोर बसले. चार महिन्यांची नात झोळीत निजलेली होती.

"वहिनी," मी म्हणाले, "त्या दिवशी तुझे हात सुटले न्हवते."

"कवा?"

"पानशेतला."

तिचा हात सुपात थांबला. मी सगळं सांगितलं. तेल, नळी, थुंकलेला तुकडा, फस्स आवाज, बाहेर येणारी स्क्रूंची डोकी. दुपारी एकटीनं बसून मारलेले तीन स्क्रूसुद्धा. सांगताना मला वाटत होतं, ती म्हणेल मला ठाऊक हुतं. ती रागावेल असंही वाटत होतं.

"म्हंजे माझ्या बाजूनं न्हवता पडला?"

"न्हाई. माझ्या."

"तुमी बघितलं?"

"ह्या डोळ्यांनी."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "मला वाटायचं," ती म्हणाली, "उपासानं न्हवं, मुळातच माझ्या हातात कायतरी उनं हाय. थोरल्याच्या बाळंतपनात सुईनीनं पोर हातात दिलं, मी म्हनलं खाली ठेवा, मग घेते. ती म्हनली, आई हाय का कोन ही?" मग तिनं विचारलं, "ह्यांना सांगितलं हुतं?"

"न्हाई."

"मी भरला हंडा उचलला की ते बघायचे माझ्याकडं. बोलायचे न्हाईत काय. नुसतं बघायचे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सांगायचं हुतं, वन्सं. ते हुते तवा सांगायचं हुतं."

मी पाया पडायला वाकले तर तिनं माझे हात धरले आणि बाजूला केले, रागानं नाही, अंगावरचा तांदळाचा कोंडा झटकावा तसे. तेवढ्यात झोळी हलली, नात रडायला लागली. सून मागं परसात होती. मी उठायच्या आत वहिनीच उठली, झोळीपाशी गेली, उभ्यानं वाकली. तिचे दोन्ही हात झोळीच्या काठापर्यंत गेले, नातीच्या अंगाला लागले, आणि तिथंच थांबले. मग ती सावकाश मागं सरली, भिंतीला पाठ लावली, खाली बसली, मांडी घातली, पदर सारखा केला, आणि हात पुढं केले.

"द्या वन्सं," ती म्हणाली. "माझ्याकडं द्या."

मी बाळ उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. आत मशीन चालूच होती. टर्र, टक्. टर्र, टक्. एकेक स्क्रू बरोबर बसत होता.